पाण्याआधी हवेला वाट

आई पहिल्यांदा आमच्या मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, नव्या बाथरूममध्ये आंघोळीला बसली तेव्हा मी दाराबाहेरच उभी होते, काही लागलंच तर हाताशी असावं म्हणून, आणि पाचेक मिनिटांत आतून हाक आली, "अगं, पाणी जात नाहीये बघ." दार सरकवलं तर आई स्टुलावर बसलेली, अंगावर साबण तसाच, आणि दोन्ही पावलं पांढरट पाण्यात बुडालेली. जाळीपाशी एक बुडबुडा यायचा, फुटायचा, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत एक. आणि त्याच वेळी पलीकडे किचनच्या सिंकमधून डुबुक, डुबुक आवाज, म्हणजे आंघोळ इकडे चाललीय आणि सिंक तिकडे बोलतंय. मी पंप बंद केला, मगने पाणी बादलीत उपसलं, तिच्या अंगावरचा साबण ओल्या टॉवेलने पुसून काढला. ती चिडली नाही, "होईल ग नीट" एवढंच म्हणाली, आणि तेच मला जास्त लागलं.

कारण ते बाथरूम तिच्यासाठीच केलं होतं.

आमची मोटरहोम जुनी. घेतली तेव्हापासून बाथरूममध्ये शिरायला २२ सेंमीची पायरी होती, कारण शॉवरचा ट्रे एका लाकडी चौथऱ्यावर बसवलेला आणि त्या चौथऱ्याच्या पोटात ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून वास अडवणारं पाइपचं वळण, आणि पाइप. आम्हा दोघांना त्याचं काही वाटायचं नाही, पण आईचे गुडघे गेल्यापासून तिला ती पायरी म्हणजे डोंगर झाला, एक हात दाराच्या चौकटीला, एक माझ्या खांद्यावर, आणि तरी आत जाताना तिच्या चेहऱ्यावर भीती दिसायची. त्यात ट्रेला बारीक तडे गेलेले. मग ठरलं की सगळं काढायचं, चौथरा नको, ट्रे जमिनीलगत घ्यायचा, उंबरठा फार तर ८ सेंमीचा, आणि आत स्टूल मावेल एवढी जागा.

ट्रे उचलला आणि खालचा प्लाय बघून मी तिथेच बसले. बोटाने उकरला तर निघत होता, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखे पापुद्रे सुटत होते, आणि एका कोपऱ्यात तर स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण बोलताना कितीतरी वेळा म्हणतो, इथे ते खरोखरच मुरत होतं, कोण जाणे किती वर्षं, आणि आम्ही त्यावर उभं राहून रोज आंघोळ करत होतो. तो सगळा भाग कापून काढला, नवीन मरीन प्लाय टाकला, कडा एपॉक्सीने बंद केल्या, भिंतींना नवे पॅनेल, नवा ट्रे, नवा नळ, बसायचं स्टूल, धरायला स्टीलचा दांडा. अडीच महिने शनिवार-रविवार त्यातच गेले. आणि या सगळ्यात ड्रेनचा विचार मी सगळ्यात शेवटी केला. पाइप काय, जोडला की झालं, असं वाटायचं. आज वाटतं की काम सुरू करायचं होतं ते तिथूनच, जमिनीतल्या त्या दोन बोटांच्या भोकापासून, आणि मग वर यायचं होतं.

चौथरा काढून आम्ही आईला १४ सेंमी दिले, पण ते १४ सेंमी आले कुठून? पाण्याच्या उतारातून. पूर्वी पाइप जमिनीच्या वरून, चौथऱ्याच्या आतून जायचा. आता तो जमिनीखालून न्यायचा, आणि नेमका जुन्या भोकाखालून चासीचा आडवा बीम जातो. म्हणून भोक सरकवून दाराच्या बाजूला घेतलं, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे. त्यामुळे सांडपाण्याच्या टाकीपर्यंतचा पाइप ६० सेंमीचा होता तो १५० सेंमी झाला. आणि ट्रेच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंत एकूण उंचीच मिळत होती १२ सेंमी, त्यातले १० ट्रॅपच खात होता. उरले दोन.

आता गवंडी असो की प्लंबर, मोरीचं पाणी न्यायचं तर ढाळ लागतो हे कुणीही सांगेल, आणि तो किती तेही सगळीकडे जवळपास ठरलेलं आहे, फुटाला पाव इंच, म्हणजे मीटरला साधारण २ सेंमी. १५० सेंमीला ३ लागतात. माझ्याकडे २ होते, आणि मी म्हटलं चालेल, एका सेंटीमीटरने काय होतंय. शिवाय बीमला वळसा घालून कडक पाइप नेता येईना म्हणून घड्यांची लवचिक नळी वापरली, जी दोन क्लॅम्पच्या मधे हळूहळू पोट सोडते. त्या पोटात पाणी कायमचं साचून राहतं आणि नळीच्या आतल्या प्रत्येक घडीत केस आणि साबणाची साय अडकते. हे सगळं आत्ता सरळ सांगतेय, तेव्हा एकेक करून कळलं.

आईच्या त्या आंघोळीनंतर मी आधी जाळी उघडली. नवीन ड्रेन, केस नाही, काही नाही. ओतायची पावडर आणा असं नवऱ्याने सुचवलं, मी नको म्हटलं, कारण तुंबलेलं काही दिसतच नव्हतं, आणि ती तीव्र केमिकल प्लास्टिकच्या पाइपला आणि टाकीच्या रबरी सीलला चांगली नसतात, मोटरहोममध्ये तर नाहीच. गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. काम संपल्या दिवशी मी टेस्ट घेतली होती, एक बादली ओतली होती, आणि पाणी गेलं होतं. जरा रेंगाळलं, पण गेलं. मग आईच्या वेळी काय झालं? दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून परत बादली ओतली, परत गेलं. मी आनंदाने आंघोळ केली, भांडी घासली, नवरा आंघोळीला गेला तर परत पाणी तुंबलं आणि परत सिंकमध्ये डुबुक डुबुक. टाकी भरली असेल म्हणावं तर टाकीवर एक तृतीयांशाचा दिवा. अर्थात त्या दिव्यांवर माझा फारसा विश्वास नाही, टाकीच्या आतल्या सेन्सरवर साबणाचा थर बसला की ते काहीही दाखवतात, पण वापरलेलं पाणी मोजलं तरी तीसेक लिटरच्या वर जात नव्हतं आणि टाकी १०० लिटरची आहे.

गाडीखाली आडवी झाले, टॉर्च तोंडात धरून, आणि पहिली चूक लगेच दिसली. नवीन ट्रेसोबत जो ड्रेन आला होता त्याच्या पोटातच छोटा ट्रॅप होता, आणि मी त्याच्यापुढे नेहमीचा वाकडा ट्रॅप अजून एक लावला होता, दोन असले की वास डबल अडेल असं मनाशी धरून. एका ओळीत दोन ट्रॅप कधीच लावायचे नसतात. दोघांत पाणी भरलेलं, मधे हवेचा तुकडा कोंडलेला, तो ना पुढे जातो ना मागे येतो, आणि वरचं पाणी त्या कोंडलेल्या हवेवर बसून राहतं. पुढचा ट्रॅप काढला, पाइप थेट जोडला, बादली ओतली, फरक दिसला. वाटलं, सुटलं एकदाचं. आणि टाकीत परत तीसेक लिटर झाल्यावर परत तेच.

तेव्हा मामाला फोन केला. माझ्या मामाचं सगळं आयुष्य प्लंबिंगमध्ये गेलं, आता हात थरथरतात म्हणून काम सोडलंय, पण पाण्याबद्दल त्याला काही विचारलं की आवाजच बदलतो. मी सगळं सांगितलं, पाणी जात नाही, आवाज येतो, टाकी रिकामी असली की चालतं. तो म्हणाला, "पाणी जात नाही म्हणतेस, पण हवेचं काय?" मी म्हटलं सिंकखाली हवेचा व्हॉल्व्ह लावलाय की नवीन, आवाज ऐकूनच आणला. त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तो हवा आत घेतो. तुझी हवा आत यायची अडलीय का बाहेर जायची?"

हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आणि खरं सांगते, ड्रेनेजबद्दल मला जे काही कळलंय ते सगळं या एका प्रश्नात आहे.

बघा, पाइपमधून पाणी धावतं तेव्हा मागे पोकळी होते, ती भरायला हवा नाही मिळाली तर पाणी ट्रॅपमधलं पाणी ओढून घेऊन जातं, आणि मग ट्रॅप कोरडा आणि घरभर वास. यासाठी तो छोटा व्हॉल्व्ह असतो, आत ओढ पडली की उघडतो, हवा घेतो, मिटतो. एका दिशेने. पण मोटरहोममध्ये पाणी गटारात जात नाही, ते बंद डब्यात जातं. त्या डब्यात आधी हवा आहे. १० लिटर पाणी आत गेलं की १० लिटर हवा बाहेर आलीच पाहिजे, दुसरा उपायच नाही, आणि हे काम तो व्हॉल्व्ह करूच शकत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या हवेला तो दार लावून घेतो. त्यासाठी टाकीतून निघून छतावर उघडणारा व्हेंट पाइपच लागतो. तो बंद असेल तर टाकीतली हवा दाबली जाते आणि जिथे सगळ्यात कमी अडथळा तिथून निसटते. आणि ट्रॅपमधलं पाणी असतं तरी किती? जेमतेम ५ सेंमी उंचीचं. वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याइतका असतो, त्याच्या हिशोबात हे ५ सेंमी म्हणजे दोनशेवा भाग. इतका हलका पडदा आपल्या आणि टाकीतल्या वासाच्या मधे असतो. टाकीतली हवा त्याच्यातून डुबुक करत वर येणार नाही तर काय. सिंक म्हणूनच बोलत होतं.

पण व्हेंट तर होता. छतावर त्याची टोपी दिसत होती, पाइप नवीन पॅनेलच्या मागून खाली टाकीत जात होता. टोपी काढून फुंकर मारली, बागेची नळी लावून थोडं पाणी सोडलं, पाणी खाली जाताना ऐकू आलं. म्हणजे तुंबलेला नाही. मामा म्हणाला, "खालचं तोंड कुठवर गेलंय ते बघ."

ती दुपार मला अगदी लख्ख आठवते. मी छतावर पोटावर झोपलेले, हातात जाड तार, तिचं टोक पक्कडीने वाकवून छोटा आकडा केलेला. तार व्हेंटमधून सोडत गेले, सोडत गेले, खाली टाकीच्या तळाला टेकली, मग हळूहळू वर ओढत आकडा फिरवत राहिले, आणि एका जागी तो पाइपच्या खालच्या काठाला अडकला. टक. तारेवर टेपचा तुकडा चिकटवला, तार बाहेर काढली, मोजली. २३१ सेंमी. तारेच्या शेवटाला करड्या रंगाचा बुळबुळीत थर लागला होता. नवऱ्याने खालून छतापासून टाकीच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजलं, २१३. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पाइप टाकीत १८ सेंमी आत उतरला होता, आणि टाकी आहे २५ सेंमी खोल. म्हणजे टाकीत तळापासून ७ सेंमी पाणी चढलं की पाइपचं तोंड पाण्याखाली आणि वरची हवा कोंडली. शंभर लिटरच्या टाकीत ७ सेंमी म्हणजे २८ लिटर. माझी आंघोळ, भांडी, आणि नंतर येणाऱ्याचं पाणी तुंबणार, हिशोब चोख जुळत होता.

कसा उतरला तेही आठवलं. जुना प्लाय कापताना त्या पाइपला धरून ठेवणारी पट्टी मी काढली होती, ती परत लावलीच नाही, आणि पॅनेल बसेना म्हणून वरून पाइप हाताने दाबला होता. टाकीच्या माथ्यावर त्याला फक्त रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकात बसवलेलं रबराचं कडं, धरून होतं, ओलं रबर, त्यात गाडीचे धक्के. पाइप सरकत सरकत खाली गेला.

पॅनेलचं सिलिकॉन कापलं, पाइप वर ओढला, टाकीच्या आत जेमतेम १ सेंमी ठेवला, भिंतीला दोन क्लॅम्प मारले, आणि ग्रोमेटच्या बरोबर वर पाइपवर मार्करने काळी रेघ ओढली, म्हणजे पुढे कधी सरकला तर रेघ गायब झालेली दिसेल. पॅनेल परत चिकटवलं नाही, चार स्क्रूवर ठेवलंय. ज्याच्यामागे पाइप आहे असं काहीही कायमचं बंद करायचं नाही हा आता आमच्या घरचा नियम आहे.

त्या संध्याकाळी टाकी मुद्दाम अर्धी भरून पाणी सोडलं आणि सिंक गप्प होतं. मी कान लावून बसले होते, एकही बुडबुडा नाही.

उरलं होतं कोपऱ्यातलं पाणी. शॉवर बंद केल्यावर ट्रेच्या मागच्या कोपऱ्यात, म्हणजे ड्रेनच्या बरोबर उलट्या बाजूला, तळहाताएवढं डबकं राहायचं. ते मला सगळ्यात जास्त खटकत होतं, कारण ट्रे बसवताना मी पाणसळ लावून चारही कडा मिलिमीटरने जुळवल्या होत्या. असे ट्रे येतात त्यांच्या तळातच ढाळ दिलेला असतो, आपण फक्त कडा पाणसळीत आणायच्या, ९० सेंमीच्या ट्रेमध्ये ड्रेनकडे १८ मिमी उतार आपोआप मिळतो. मग पाणी उलटं का जातंय? परत पाणसळ लावली, बुडबुडा मधे नाहीच. मागच्या बाजूचा काठ खाली. मला वाटलं ट्रे खचला. खाली बघितलं, खचला नव्हता.

खूप वेळाने लक्षात आलं की ट्रे बसवला त्या दिवशी गाडीच तिरकी उभी होती. काम करताना आम्ही ती आवारात लावायचो, आणि तिथे जमीन पुढे उतरती आहे, पुढची चाकं मागच्यापेक्षा ६ सेंमी खाली. चाकांमधलं अंतर ४ मीटर, म्हणजे मीटरला दीड सेंमी. पाणसळ खरंच बोलत होती, पण ती पृथ्वीबद्दल बोलत होती, गाडीबद्दल नाही. त्या तिरक्या गाडीत मी ट्रे अगदी सपाट बसवला, आणि गाडी सपाट जागी आली तेव्हा ट्रे मागे झुकला. मीटरला दोनचा ढाळ, त्यातून दीड वजा, राहिला अर्धा. आणि गाडीचं नाक जरासं वर असेल अशा जागी उभं राहिलो की तोही गेला, पाणी सरळ मागच्या भिंतीकडे.

या गोष्टीवर मी फार विचार केलाय. घराची जमीन एकदा ढाळ दिला की दिला, शंभर वर्षं पाणी तिकडेच जाणार. ओळंबा, पाणसळ, सगळी अवजारं याच भरवशावर चालतात की खालची जमीन हलणार नाही. आणि आम्ही तर हलण्यासाठीच ही गाडी घेतली. रोज वेगळ्या जमिनीवर उभी राहणाऱ्या घरात 'वर' आणि 'खाली' सुद्धा रोज थोडे बदलतात, फक्त आपल्या पायांना ते जाणवत नाही, पाण्याला लगेच जाणवतं. चाकांच्या मधे ८ सेंमीचा फरक पडला की पूर्ण ढाळ पुसला जातो, आणि ८ सेंमी म्हणजे काय, रस्त्याच्या कडेचा साधा उतार. बऱ्याच युरोपियन मोटरहोममध्ये शॉवरच्या ट्रेला समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन भोकं असतात, गाडी कशीही कलली तरी एकातून पाणी जातंच. पूर्वी ते बघून मला उगाच दिलेलं वाटायचं. आता ज्याने ते पहिल्यांदा केलं त्याला मनापासून नमस्कार करावासा वाटतो.

आम्ही दुसरं भोक पाडलं नाही, कारण तिथे खाली तोच बीम. ट्रे मात्र काढला. सिलिकॉन कापून, चारही बाजूंनी पट्ट्या सरकवून, अर्धा दिवस लागला, आणि तो न तुटता निघाला हे नशीब. मग आधी गाडी चाकांखाली ठोकळे घालून सपाट केली, किचनच्या ओट्यावर आणि बाथरूमच्या मूळ जमिनीवर दोन्हीकडे पाणसळ लावून खात्री केली, आणि मगच ट्रे. यावेळी मागचा काठ मुद्दाम ५ मिमी उंच ठेवला. ट्रेच्या खाली पोकळ जागा राहू दिली नाही, आधी राहिली होती, आणि पोकळ ट्रे पायाखाली दबतो, दरवेळी थोडा, आणि दरवेळी ड्रेनचं सील थोडं हलतं. मला वाटतं जुन्या प्लायची वाट अशीच लागली असणार.

पाइपचं काम त्यामानाने पटकन झालं कारण आता काय हवंय ते माहीत होतं. घड्यांची नळी काढून टाकली, आतून गुळगुळीत कडक पाइप घेतला, बीमजवळ ९० अंशांच्या एका एल्बोऐवजी, म्हणजे वळणाच्या तुकड्याऐवजी, ४५ अंशांचे दोन लावले, दर ४० सेंमीला क्लॅम्प. ट्रॅपसाठी हेपव्होचा पाण्याविना चालणारा व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आत मऊ, चपटा पापुद्रा असतो, पाणी आलं की ओठांसारखा उघडतो, गेलं की मिटतो. तो आडवा बसतो म्हणून उंची कमी खातो, १२ सेंमीतले ७ गेले, ५ उरले. ३ लागत होते, ५ मिळाले, आणि ते वरचे दोन म्हणजे गाडी थोडी कलली तरी चालेल एवढी सवड. शिवाय त्यात पाणी साठवायचंच नसल्यामुळे वळणावर, खड्ड्यात ते हिंदकळून सांडायचा प्रश्न नाही, आधी दिवसभर गाडी चालवून थांबलो की बाथरूममध्ये जो कोंदट वास यायचा तो त्यानेच गेला. बाणाच्या दिशेने लावायचा एवढं मात्र बघा, त्याच्या अंगावर बाण असतो. आणि ड्रेनमध्ये जो आतला ट्रॅप होता तो काढून साधा ड्रेन घेतला, नाहीतर परत दोन झाले असते.

एक जागा मात्र अजून सतावत राहिली. जुना पाइप काळा एबीएसचा, नवीन पांढरा पीव्हीसीचा, आणि मी दोघांना पीव्हीसीच्याच सोल्यूशनने चिकटवलं होतं. धरल्यासारखं वाटतं, पण दोन्ही प्लास्टिक वेगळी, सोल्यूशन वेगळी, धक्क्यांनी सांधा सुटतो. मला ते कसं कळलं, तर सांध्याभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळून ठेवला होता, रात्रभर, आणि सकाळी त्याच्या खालच्या कडेला नखाएवढा ओला डाग. बस एवढाच. नवीन प्लायपासून तीन बोटांवर. त्या डागाकडे बघताना मला जुना प्लाय आठवला, स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत गेलेला, आणि छातीत धस्स झालं. तिथे आता दोन्ही बाजूंना स्टीलचे क्लॅम्प असलेलं रबरी कपलिंग आहे, आणि मी अजूनही महिन्यातून एकदा त्याला टिश्यू गुंडाळते.

सगळं झाल्यावर १० लिटरची बादली घेतली, घड्याळ लावलं. पहिल्यांदा, तक्रार सुरू असतानाच्या दिवसांत, याच बादलीला चार मिनिटं लागली होती. आता ५२ सेकंद. परत ओतली, ५०. टाकी पाऊण भरून ओतली, ५४. नवरा म्हणाला पुरे, टाकी आता भरेल. मी अजून एक ओतली.

आईला मी लगेच सांगितलं नाही. आधी आम्ही दोघांनी आठवडाभर वापरलं, दोन मुक्काम वेगवेगळ्या उताराच्या जागी मुद्दाम केले, एकदा तर नाक वर करून उभे राहिलो, आणि मागचा कोपरा दर वेळी हाताने पुसून बघितला. मग एका सकाळी ती स्वतःच टॉवेल घेऊन निघाली. उंबरठा ओलांडताना तिने दांडा धरला, माझा खांदा नाही. दार लागलं. मी बाहेर उभी, आधीसारखीच, पण यावेळी तिच्याकडे कमी आणि जमिनीखालच्या पाइपकडे जास्त कान लावून. पंपाची घरघर, पाण्याचा आवाज, आणि त्याच्या खाली एक सलग, बारीक सळसळ, न थांबणारी. सिंककडे बघितलं. गप्प. पाणी बंद झालं, सळसळ अजून थोडी चालली, मग शेवटी एक छोटासा घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि सगळं शांत.

"गेलं का ग पाणी?" मी विचारलं.

"कधीच," आतून आवाज आला, "दार सरकव आता, टॉवेल बाहेरच राहिलाय माझा."